त्यांना काढू नका, वर बसवा

पत्र: माझा मुलगा अकरावीत आहे आणि पिट्सबर्गच्या उपनगरातल्या आमच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, म्हणून खेळतो. यंदा आठ सामने झाले, तीन जिंकले, पाच हरलो, दोन उरले आहेत. ऑफेन्सच्या, म्हणजे चेंडू आपल्याकडे असतानाच्या, चाली पुकारणारे कोच शाळेतच इतिहास शिकवतात. पालकांचे म्हणणे असे की त्यांना चाली पुकारता येत नाहीत. पहिल्या डाउनला दहापैकी सात वेळा चेंडू घेऊन मधूनच धावायचे, हे आता समोरच्या संघातल्या मुलांच्या आज्यांनाही पाठ झाले आहे (लाइनवरच्या पाचपैकी चार मुले गेल्या वर्षी बारावी होऊन गेली, हे मान्य, पण म्हणून तेच तेच करायचे का?). मी आठही सामन्यांचे एक्सेल केले आहे, सोबत जोडतो. त्यांना ताबडतोब काढावे असे निवेदन स्कूल बोर्डाला द्यायचे ठरले असून चाळीसेक सह्या झाल्या आहेत. बायको म्हणते, या भानगडीत पडू नका. मुलगा म्हणतो, "बाबा, प्लीज सही करू नका." पण माझ्या ऑफिसात एखाद्या लीडने आठपैकी पाच रिलीज बुडवले तर त्याला कोणी ठेवील का? मी सही करू की नको? आणि मुळात या माणसाला ठेवावे की काढावे?
— कुंपणावरचा बाप, पिट्सबर्ग

प्रिय वाचक,

दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन टाकते, कारण सह्यांचा कागद शुक्रवारी पुन्हा तुमच्यापुढे येणार आहे. सही करू नका. आणि या कोचना ठेवावे, निदान पुढचा एक हंगाम तरी. मात्र आज ते मैदानाच्या कडेला जिथे उभे राहून चाली पुकारतात तिथून त्यांना हलवावे. हे दुसरे उत्तर तुमच्याच एक्सेलमधून निघाले आहे, तेव्हा रात्री जागून केलेली मेहनत वाया गेली असे समजू नका.

मी या खेळातली जाणकार नव्हे. लग्न होऊन पिट्सबर्गला आले तेव्हा दर दहा सेकंदांनी थांबणारी मारामारी एवढेच माझे या खेळाविषयीचे मत होते आणि पुढची कितीतरी वर्षे ते टिकून राहिले. नंतर धाकटा शाळेच्या संघात सेंटर, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू करणारा, म्हणून खेळू लागला आणि चार हंगाम मी ॲल्युमिनियमच्या त्या थंडगार बाकांवर आणि नाचो व गरम चॉकलेट विकण्याच्या खिडकीत काढले. त्या खिडकीतून सामना धड दिसत नाही, पण पालक काय बोलतात ते स्वच्छ ऐकू येते. चार वर्षांत त्यातले निम्मे बोलणे ऑफेन्स चालवणाऱ्या कोचबद्दल होते आणि ज्या आठवड्यात आम्ही जिंकत असू त्या आठवड्यात त्या माणसाचे नावही कोणी काढत नसे.

महाराष्ट्रातून हे सदर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्यांच्याकडे असतो त्या संघाला चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, दहा यार्ड पुढे सरकावे लागते. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो किंवा हातात देतो, वाइड रिसीव्हर फेकलेला झेलतो, रनिंग बॅक तो घेऊन धावतो आणि लाइनवरचे पाच गडी समोरच्यांना अडवतात. प्रत्येक प्रयत्नापूर्वी कोणती चाल खेळायची हे मैदानाबाहेरचा एक प्रशिक्षक ठरवून आत कळवतो. क्रिकेटमध्ये डोके चालवणारा कर्णधार मैदानात उभा असतो आणि त्याच्या चुकीचे ऊन त्यालाही लागते. इथे डोके बाहेर आणि अंग आत, त्यामुळे आतल्या अंगाने काय केले हे न पाहता बाहेरच्या डोक्याला बोल लावणे फार सोपे जाते.

आता तुमच्याबद्दल एक गोष्ट, जी तुम्हाला बहुधा आवडणार नाही. पत्राच्या पहिल्याच वाक्यात तुम्ही लिहिले आहे की मुलगा वाइड रिसीव्हर आहे. तक्रार अशी की चेंडू फेकण्याऐवजी धावण्याच्या चाली फार होतात. चेंडू फेकलाच नाही तर रिसीव्हरचे नाव कुणाच्या वहीत चढणार, आणि अकरावीचे वर्ष हे कॉलेजच्या प्रशिक्षकांना फिल्म पाठवण्याचे वर्ष असते, हे इथल्या प्रत्येक बापाला ठाऊक आहे. तुमच्या मनात खोट आहे असे मी म्हणत नाही. मात्र रनिंग बॅकच्या आईबापांनी त्या निवेदनावर सह्या केल्या आहेत का, हे एकदा पाहा. माझा अंदाज आहे की त्या चाळीस सह्यांत रिसीव्हरांची आणि दुसऱ्या फळीतल्या क्वार्टरबॅकची घरे बरीच असतील.

ऑफिसच्या दाखल्याचेही तेच. तुमचा लीड जेव्हा रिलीज बुडवतो तेव्हा तुम्ही त्याचा कोड उघडून पाहू शकता, कोणत्या दिवशी कोणी काय मर्ज केले ते ओळीनिशी काढू शकता. बाकावर बसलेल्या आपल्याला दिसतो तो फक्त शेवट: मुलगा चेंडू घेऊन मधोमध घुसला आणि दोन यार्डांवर पडला. कोचने काय पुकारले, मुलांनी काय ऐकले आणि त्यातले काय केले, या तिन्ही पायऱ्या आपल्या डोळ्यांआड होतात.

माझ्या डोळ्यांवरची झापड कशी उतरली ते सांगते. धाकटा दहावीत असताना आम्ही एक सामना अगदी लाजिरवाणा हरलो. मी घरी येऊन स्वयंपाकघरात तणतणत होते की तिसऱ्या डाउनला आठ यार्ड हवे असताना हा माणूस धावायला लावतोच कसा. शनिवारी सकाळी मुलाने लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि हडल या संकेतस्थळावरची फिल्म लावली. संघांचे सामने टोकाच्या उंच कॅमेऱ्यातून टिपून त्यावर चढवलेले असतात आणि तिथून मैदान असे दिसते जसे बाकावरून कधीच दिसत नाही. तो म्हणाला, आई, हे बघ, ही धावण्याची चाल नव्हतीच. चाल अशी होती की क्वार्टरबॅकने चेंडू हातात येताच मधल्या बचावपटूकडे पाहायचे. तो पुढे आला तर त्याच्या डोक्यावरून रिसीव्हरकडे फेकायचा, तो मागे राहिला तर चेंडू धावणाऱ्याच्या पोटात द्यायचा. बचावपटू पुढे आला होता, चांगला दोन पावले आला होता, आणि आमच्या सोळा वर्षांच्या क्वार्टरबॅकने घाबरून चेंडू पोटात दिला. म्हणजे कोचने पुकारले ते बरोबर होते आणि मी शिव्या घातल्या त्या न पुकारलेल्या चालीसाठी. फिल्म पुढे गेली. पुढच्या तक्रारीच्या प्लेमध्ये पांढऱ्या जर्सीतला एक मुलगा चेंडू मागे देताच भलत्याच माणसाला अडवायला गेला आणि ज्याला अडवायचे होते तो सरळ आत शिरला. तो पांढऱ्या जर्सीतला मुलगा माझाच होता. मी लॅपटॉप बंद करून पोहे टाकले.

तेव्हा तुमच्या एक्सेलमधल्या "पहिला डाउन, धाव" या रकान्यातल्या किती धावा खरोखर धावा म्हणून पुकारल्या गेल्या, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. तुमच्या मुलाला मात्र माहीत आहे. चाली त्याच्या मनगटावरच्या पट्टीवर आकड्यांनी लिहिलेल्या असतात आणि प्रत्येक आकड्याला काय होते हे त्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. तो सही करू नका म्हणतो आहे, हे मी तुमच्या जागी असते तर हलक्यावर घेतले नसते.

याच गावातला ताजा इतिहास तुम्ही जवळून पाहिला असेल, तरीही तो पुन्हा उकरून काढते, कारण निवेदनवाल्या पालकांच्या तोंडी बहुधा तोच दाखला असणार. आपल्या गावचा व्यावसायिक संघ स्टीलर्स, त्यांच्या ऑफेन्सच्या चाली पुकारणारे मॅट कॅनडा यांना २१ नोव्हेंबर २०२३ रोजी, संघ ६ विजय आणि ४ पराभव अशा बऱ्या स्थितीत असताना, हंगामाच्या मध्यातच काढले. या संघाची खोड अशी की इथे प्रशिक्षकांना सहसा हात लावत नाहीत आणि कित्येक दशकांत असे काही घडलेले नव्हते; त्यामुळे त्या मंगळवारी किराणा दुकानाच्या रांगेतसुद्धा दुसरा विषय नव्हता. काढण्याला कारणही होते. कॅनडा यांनी सूत्रे घेतल्यापासून सुमारे अडीच वर्षांत नियमित हंगामातल्या एकाही सामन्यात संघाने ४०० यार्डांचा टप्पा गाठलेला नव्हता आणि त्यांना काढण्याच्या घोषणा भर मैदानात प्रेक्षकांच्या तोंडून ऐकू येत होत्या. मग पाचच दिवसांनी सिनसिनाटीत काय झाले? ४२१ यार्ड! गावाला वाटले, रोगाचे मूळ सापडले.

गुणफलक मात्र त्या दिवशीही १६-१० एवढाच होता. ४२१ यार्ड आणि १६ गुण, हा हिशेब त्या आनंदात कोणी नीट वाचला नाही. पुढच्या रविवारी त्या हंगामात तोवर दोनच सामने जिंकलेल्या ॲरिझोनाकडून आम्ही आपल्याच घरी २४-१० असे हरलो, क्वार्टरबॅक केनी पिकेट त्यात जायबंदी झाला, चारच दिवसांत तितक्याच गाळात असलेल्या न्यू इंग्लंडने २१-१८ असे हरवले आणि त्यानंतर इंडियानापोलिसने ३०-१३. चाली पुकारणारी माणसे नवीच होती. संघ सुधारला तो तिसऱ्या क्रमांकाचा मेसन रुडॉल्फ क्वार्टरबॅक म्हणून उभा राहिल्यावर: ३४ गुण, मग ३०, मग भर पावसात बाल्टिमोरविरुद्ध १७, आणि तिन्ही विजय. पुकारणारे तेच, चालींची वहीही बहुतांशी तीच, बदलला तो चेंडू फेकणारा हात. कॅनडा यांना काढणे चूक होते असे मी म्हणत नाही. तेव्हा मलाही ते बरोबरच वाटले होते. पण त्या एका माणसाच्या जाण्याने जे होईल असे गावाने धरले होते ते झाले नाही, आणि जे झाले ते भलत्याच कारणाने झाले.

आणि एक गंमत पाहा. हेच मॅट कॅनडा २०१६ साली पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संघाचे ऑफेन्स चालवत होते. त्या वर्षी पुढे राष्ट्रीय विजेता ठरलेल्या क्लेम्सनला त्यांच्याच मैदानावर ४३-४२ असे हरवणारा तो ऑफेन्स, आणि त्याच महिन्यात सिरॅक्यूजविरुद्ध ७६-६१ असा धुमाकूळ घालणाराही तोच. तो दुसरा सामना झाला ते मैदान नदीकाठचे तेच, जिथे सात वर्षांनी त्यांना काढा म्हणून गर्दी ओरडली. फक्त पाटीवरचे नाव हाइन्झ फील्डचे ॲक्रिशर स्टेडियम झाले होते. माणूस तोच, गाव तेच, गवतसुद्धा तेच. हाताखालची पोरे आणि समोरचा बचाव बदलला की पुकारणाऱ्याची किंमत कुठून कुठे जाते, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण मला सापडले नाही.

चाल आणि तिचा निकाल वेगळे असतात हे मी मुलाच्या फिल्मवर शिकले, पण त्याचा सर्वांत क्रूर नमुना साऱ्या देशाने १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या अंतिम सामन्यात, पाहिला. सिएटल २८-२४ असे मागे, गोल एका यार्डावर, दुसरा डाउन, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ आणि घड्याळ थांबवायला हातात एकच टाइमआउट. मार्शॉन लिंचसारखा धिप्पाड रनिंग बॅक उभा असताना सिएटलचे ऑफेन्स चालवणाऱ्या डॅरेल बेव्हेल यांनी फेकण्याची चाल पुकारली आणि न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने चेंडू मधल्यामधे पळवला. खेळाच्या इतिहासातली सर्वांत मूर्ख चाल, असे त्या रात्री घराघरांत म्हटले गेले. आमच्या घरात तर मीच म्हटले. मागाहून घड्याळाचा हिशेब मांडून पाहिला तेव्हा इतके सरळ वाटेना. फेकलेला चेंडू खाली पडला असता तर घड्याळ फुकटात थांबले असते आणि धावायला दोन प्रयत्न शिल्लक राहिले असते. आधी धावून अडले असते तर एकुलता टाइमआउट तिथेच खर्च झाला असता. चाल वाईट नव्हती, बटलरने ती आधी ओळखली. सिएटलने बेव्हेल यांना त्यानंतरही तीन हंगाम ठेवले.

उलट बाजूचे दाखलेही आहेत आणि ते लपवून तुम्हाला सल्ला देणे बरे नव्हे. बाल्टिमोरने १० डिसेंबर २०१२ रोजी, ९ विजय पदरात असताना, कॅम कॅमरन यांना काढले, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये तोवर कधीही चाली न पुकारलेल्या जिम कॉल्डवेल यांच्याकडे काम दिले आणि आठ आठवड्यांत सुपर बोल जिंकला. बफेलोने २०२३ च्या नोव्हेंबरात ५-५ वर अडकलेले असताना केन डॉर्सी यांना हलवले आणि उरलेल्या सातपैकी सहा सामने जिंकले. मधेच बदल केल्याने कधीच काही साधत नाही, असे म्हणणाऱ्यावर तेव्हा विश्वास ठेवू नका. पण बाल्टिमोरने त्या वेळी प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, तोंडावर लाइनवरच्या माणसांच्या जागाही बदलल्या होत्या, आणि कॉल्डवेल यांचा पहिला सामना ते डेन्व्हरकडून सपाटून हरले होते, हे त्या गोष्टीत सहसा सांगितले जात नाही. शिवाय हे सगळे पगारी, प्रौढ खेळाडू. त्यांना आठवड्यात नवी भाषा शिकवता येते. तुमच्या संघातल्या लाइनवर यंदा चार नवी मुले आहेत, त्यांना ऑगस्टपासून शिकलेली एक भाषा आता कुठे तोंडात बसू लागली असेल.

त्या चार मुलांचे तुम्ही कंसात लिहिले आहे. खरे तर ते पत्राच्या डोक्यावर हवे होते. लांब चेंडू फेकायचा तर क्वार्टरबॅकला मागे उभे राहायला तीनेक सेकंद लागतात आणि ते तीन सेकंद लाइनवरची पाच मुले विकत आणून देतात. ती मुले कच्ची असतील तर शहाणा कोच फेकण्याच्या चाली कमीच करणार, कारण क्वार्टरबॅक आडवा झाला की मग पुकारायला कोणी उरत नाही. पहिल्या डाउनला दहापैकी सात धावा हा आकडा मला म्हणूनच फार भयंकर वाटला नाही.

मला खटकला तो दुसराच आकडा, ज्याचा तुम्ही पत्रात उल्लेखही केलेला नाही. तुमच्या तक्त्याच्या शेवटच्या पानावर गुण क्वार्टरनुसार, म्हणजे सामन्याच्या चार भागांनुसार, मांडले आहेत. आठ सामन्यांत तुमच्या ऑफेन्सने एकूण चौदा टचडाउन केले, म्हणजे चौदा वेळा चेंडू गोलरेषेपार नेला, त्यातले नऊ पहिल्या क्वार्टरमध्ये आणि मध्यंतरानंतरच्या दोन्ही क्वार्टर मिळून फक्त दोन. हे वाचले आणि मी चहाचा कप खाली ठेवला. सामन्याच्या सुरुवातीच्या चाली आठवडाभर विचार करून आधी लिहून ठेवलेल्या असतात. सॅन फ्रान्सिस्कोचे बिल वॉल्श यांनी सुरुवातीच्या चाली अशा लिहून ठेवण्याची पद्धत रूढ केली आणि आज शाळाशाळांतून ती चालते. पहिल्या क्वार्टरला नऊ टचडाउन म्हणजे तुमचे इतिहासाचे मास्तर समोरच्या संघाचा अभ्यास उत्तम करतात, मुलांकडून तो करवून घेतात आणि मुले ते नीट पार पाडतात. चाली पुकारता येत नाहीत म्हणून घालवावा असा हा माणूस नव्हे. त्यानंतर समोरचा संघ सावध होतो, बचाव बदलतो, आणि तो बदल तुमच्या मास्तरांना दिसत नाही. दोष आहे तो इथे, आणि तो खरा आहे.

तो दिसत का नाही याचे उत्तर तुम्ही नकळत दिले आहे. दुसऱ्या सामन्याच्या नोंदीत तुम्ही लिहिले आहे की पावसात त्यांचा तो लॅमिनेट केलेला मोठा कागद, हॉटेलातल्या मेनूकार्डासारखा, हातातून निसटून चिखलात पडला आणि ते बसून पुसत राहिले. म्हणजे ते खाली, मैदानाच्या कडेला उभे असतात. त्या जागेवरून समोर सहा फुटी मुलांच्या पाठी दिसतात. बचावाचे मधले खेळाडू एक पाऊल डावीकडे सरकले की मागचा गडी खाली उतरला, यातले काही कळत नाही. पुष्कळ शाळांत यासाठी एक प्रशिक्षक बाकांच्या वरच्या प्रेस बॉक्स नावाच्या काचेच्या खोलीत हेडसेट लावून बसतो. तुमच्या शाळेत वर कोण बसते? कोणीच बसत नसेल, किंवा बसणारा डिफेन्सचा माणूस असेल, तर तुमच्या दोन टचडाउनांचे गूढ बरेचसे उकलले. आमच्या मुलाच्या शेवटच्या हंगामात नेमका हाच बदल झाला: कोच वर गेले, खाली मुलांना धीर द्यायला आणि चाल कळवायला एक तरुण सहायक राहिला. वर ओरडायला कोणी जवळ नसते, बापांचे शेरे काचेपलीकडे राहतात, हाही एक फायदाच. आमचा संघ लगेच अजिंक्य झाला नाही, पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही गरम चॉकलेट विकता विकता मान वर करून पाहू लागलो.

आता निवेदनाविषयी. स्कूल बोर्ड प्रशिक्षकाच्या नेमणुकीला मंजुरी देते हे खरे, म्हणून कागद तिथे नेणे तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. पण बोर्डापुढे गेलेला कागद सार्वजनिक होतो, गावात फिरतो, आणि ज्या वर्गात हे मास्तर सकाळी मुलांना यादवी युद्ध शिकवतात त्याच वर्गातल्या फोनांवर दुपारपर्यंत पोहोचतो. संघाचे हे काम त्यांना शिक्षकाच्या पगारावर मिळणाऱ्या छोट्याशा मानधनावर असते. शुक्रवारची रात्र, शनिवारची फिल्म आणि रविवारचा आराखडा तासांत मोजला तर ते मानधन ताशी किती पडते याचा हिशेब तुमचे एक्सेल चटकन करील. पगारी जगातही ही गोष्ट कुठवर जाते ते आपण पाहिले आहे: २०२५ च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियाच्या ईगल्सचा एक पराभव झाला आणि त्यांच्या चाली पुकारणाऱ्या केविन पटुलो यांच्या घरावर रात्री अंडी फेकली गेली. त्या घरात त्यांचे कुटुंब राहते. तुमचे चाळीस पालक अंडी फेकणार नाहीत, पण त्यांची मुले चौदा ते अठरा वयाची आहेत आणि घरात काय बोलले जाते ते ती ऐकतात.

सही न करणे म्हणजे गप्प बसणे नव्हे, आणि तुमच्या पत्नीशी माझे इथे थोडे जमत नाही. मुख्य प्रशिक्षकांना भेटा. ऑफेन्स कोणीही चालवो, त्याला नेमणारे आणि त्याला कुठे बसवायचे हे ठरवणारे ते आहेत. पालकांचा सगळा राग सहायकावर निघतो तेव्हा त्यांचे आयतेच फावते. भेट हंगाम संपल्यावर मागा, सामन्यानंतर पार्किंगमध्ये गाठू नका. एकटे जाऊ नका आणि सहा जण मिळूनही जाऊ नका. लाइनवरच्या एखाद्या मुलाच्या आईला किंवा वडिलांना बरोबर घ्या, म्हणजे आपल्याच मुलाला चेंडू मिळावा म्हणून आलात असे वाटणार नाही. तिथे स्वतःच्या मुलाचे नाव काढू नका. नऊ आणि दोन हे दोन आकडे पुढे ठेवा आणि विचारा की मध्यंतरानंतर काय बदलते, वर कोण असते, आणि पुढच्या हंगामात ऑफेन्सच्या कोचना वर बसवता येईल का. त्यांच्या उत्तरातच तुम्हाला बरेच कळेल. "आम्ही यावर बोललो आहोत, अडचण अशी आहे" असे काही आले तर माणसे शुद्धीवर आहेत असे समजा. "पालकांनी चालींत लक्ष घालू नये" एवढेच आले, तर मात्र पुढच्या वर्षी ऑक्टोबरात मला पुन्हा लिहा.

या कोचना काढायला माझी हरकत केव्हा नसेल, तेही सांगून ठेवते. फिल्म पाहताना ते चुकलेल्या मुलाचा सगळ्यांसमोर पाणउतारा करत असतील, दुखापत लपवून मुलांना उतरवत असतील, किंवा पुढच्या हंगामात वर बसूनही मध्यंतरानंतरचे टचडाउन दोनाचे तीन होत असतील, तर त्यांनी वर्गात इतिहास शिकवावा आणि चाली दुसऱ्याने पुकाराव्यात. पहिल्या दोन गोष्टींसाठी तर हंगाम संपण्याची वाटही पाहायची नसते. त्यातले काही घडत असेल तर तुमच्या मुलाला ते ठाऊक असणार. आज रात्री जेवताना त्याला विचारा, पण "तुझे कोच कसे आहेत" असे विचारू नका, त्याला "ठीक आहेत" याच्या पलीकडे उत्तर मिळत नसते. सोमवारी फिल्म पाहताना शुक्रवारच्या हरलेल्या सामन्याविषयी ते नेमके काय बोलले, एवढे विचारा आणि तो बोलत असताना भाकरी मोडत राहा, मान वर करू नका.

शुक्रवारी सह्यांचा कागद घेऊन तो गृहस्थ आला की "मी हंगाम संपल्यावर हेड कोचना भेटणार आहे, तुम्हीही या" असे म्हणा. तो आला तर चांगलेच.

आणि ते एक्सेल बंद करू नका. उरलेल्या दोन सामन्यांसाठी त्यात दोन रकाने वाढवा: प्रत्येक पहिल्या डाउनला समोरच्या बचावाचे किती गडी चेंडूच्या समोर मधोमध गोळा झाले होते, आणि पुकारलेली चाल खरोखर कोणती होती. पहिला रकाना तुम्हाला बाकांच्या सर्वांत वरच्या ओळीत बसून भरता येईल. तिथे वारा फार लागतो, तेव्हा जाड जॅकेट न्या. दुसरा रकाना मुलगा भरील, त्याला वाटले तर.